सरकारी, पण तिकडचं

जुळे सोलापुरात उभं आयुष्य काढून सिव्हिल हॉस्पिटलची पायरी एकदाही न चढलेली माणसं पुष्कळ आहेत. ताप आला, खासगी. बाळंतपण, खासगी. दाढ ठणकली तरी खासगी. सिव्हिलचं नाव काढलं की यांचा रुमाल आपोआप नाकाला जातो. महापालिकेच्या शाळांचंही तेच. आपल्या गावात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या सरकारी शाळा आहेत, हे या मंडळींना पाच वर्षांतून एकदा, मतदान केंद्र शोधताना कळतं.

यातल्याच एका घरातला बत्तीस वर्षांचा इंजिनिअर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो. पुण्याहून कंपनी त्याला इंग्लंडला पाठवते. तिथे पोचल्यावर बॅगा नीट उघडायच्या आत तो काय करतो? घराजवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवतो, पोराला सरकारी शाळेत घालतो आणि रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावून सांगतो, "आई, इथं सगळं सरकारी आहे. एकदम भारी."

आई तशीच शेजारी जाते. शेजारीण धसकते. "अगंबाई, सरकारी? पोराची नोकरी तर ठीक आहे ना?"

"अगं, तिकडचं सरकारी."

"हां, मग ठीक."

तर हे तिकडचं सरकारी फुकट असतं, अशी इकडे दाट समजूत आहे. हिशेब मांडून बघू. ब्रिटनने 2015 साली बाहेरून येणाऱ्यांवर आरोग्य अधिभार बसवला. तेव्हा वर्षाला 200 पौंड होता. 2019 ला 400 झाला, 2020 ला 624 आणि फेब्रुवारी 2024 पासून 1,035. विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालची पोरं यांना सवलत, म्हणजे 776. बरं, हे वर्षाचं वर्षाला भरायचं नाही. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे सगळे पैसे अर्जासोबतच मोजायचे. नवरा, बायको, एक पोरगं आणि पाच वर्षांचा व्हिसा धरा. बेरीज होते 14,230 पौंड. पौंड शंभर रुपयांना धरला तरी चौदा लाखांच्या वर, आणि शंभर रुपयांना आता पौंड मिळत नाही. हे झालं विमानात बसायच्या आधी. उतरल्यावर पगारातून कर कापला जातो तो निराळा.

एवढी रक्कम सोलापुरातल्या एखाद्या हॉस्पिटलने 'पुढे कधी आजारी पडाल म्हणून' आगाऊ मागितली असती, तर याच इंजिनिअरच्या वडिलांनी सात रस्त्यावर उपोषण मांडलं असतं. तिकडे मात्र कार्ड घासलं आणि पावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवला. व्हिसाच्या फायलीत लागतो.

या अधिभारातून सूट कुणाला आहे, तेही ऐका. डॉक्टर, नर्स अशा आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्यांना. सोलापुरात नर्सिंग करून लीड्सला गेलेली मुलगी अधिभार भरत नाही. तिला तिथे पेशंट होण्याचा हक्क मिळतो तो त्यांचे पेशंट सांभाळण्याच्या बोलीवर. इंग्रज व्यवहाराला पक्का, हे आपण दीडशे वर्षं बघितलेलं आहे.

आणि एवढे मोजून मिळतं काय, तर नंबर. इंग्लंडात ठरवून करायच्या उपचारांची प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर गेलेली आहे. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं तिथलं उद्दिष्ट आहे. ते वर्षानुवर्षं गाठलं गेलेलं नाही, हे तिथलेच मंत्री संसदेत सांगतात. दाताचा सरकारी डॉक्टर तर कित्येक गावांत नवा पेशंट घेतच नाही. म्हणून आपला इंजिनिअर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेला येतो तेव्हा नंदीध्वजांचं दर्शन, गड्ड्यावरचा पाळणा, दोन रूट कॅनॉल, बायकोची सोनोग्राफी आणि सगळ्यांच्या रक्ततपासण्या एकाच आठवड्यात उरकून जातो. अर्थात खासगीत. परत गेल्यावर ऑफिसात सांगतो, आमच्या एनएचएसला, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेला, तोड नाही.

त्याच्या व्हिसाच्या अटींत आणखी एक ओळ असते. सार्वजनिक निधीवर हक्क नाही. दवाखाना आणि शाळा या निधीत धरत नाहीत, म्हणून तेवढं मिळतं. बालभत्ता, घरभाड्याची मदत, यातल्या कशालाही हात लावायचा नाही. कर मात्र गोऱ्या शेजाऱ्याइतकाच भरायचा. पाच वर्षं असं सरळ मार्गाने राहिलात की कायमच्या मुक्कामाचा अर्ज करता येतो, असा नियम होता. मे 2025 मध्ये तिथल्या सरकारने या पाचाची दहा वर्षं करण्याचा इरादा जाहीर केला. त्या दिवशी आपल्या इंजिनिअरने जे लिहिलं ते आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर अजून आहे. "आम्ही कर भरतो, आमच्या पैशावर यांचे दवाखाने चालतात, आणि आम्हालाच बाहेरचे म्हणतात. हा सरळसरळ भेदभाव आहे."

वाचून मी हेलावलो. मग आठवलं, सिव्हिलच्या ओपीडीत कन्नड ऐकू आलं की "हे विजापूरचे लोक येऊन गर्दी करतात, आपल्या माणसाला बेड मिळत नाही" असं म्हणणारे याचेच काका. स्वतः कधी गेले नाहीत हो ते सिव्हिलला. तरी बेड यांचा!

सिव्हिल, म्हणजे कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. शेजारी 1963 पासूनचं वैशंपायन मेडिकल कॉलेज. तिथे विजापूर, गुलबर्गा, धाराशिव, लातूर, सगळीकडचा पेशंट येतो. यायचाच. रोगाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, आणि एसटी इथेच थांबते. ज्या शहरातला पूर्व भाग तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवला, ज्याच्या ग्रामदैवताने वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, त्या शहरात 'बाहेरचा' कोण हे ठरवायला बसलं तर सकाळचा चहा संध्याकाळी मिळेल.

पण ठरवायची हौस दांडगी. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोट आमच्यात यायला हवं, असं जाहीर केलं. आपले पुढारी खवळले. अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी मात्र ते मनावर घेतलं. अकरा ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जायचा ठराव केला. कारण भाषेचं नव्हतं, अस्मितेचं नव्हतं. रस्ता नाही, पाणी नाही, पलीकडच्या गावात बघा काय काय झालंय, एवढंच. म्हणजे बघा, इंजिनिअर ज्या कारणासाठी इंग्लंडला गेला त्याच कारणासाठी ही गावं जायला निघाली होती. फरक इतकाच की यांना विमान लागणार नव्हतं, नकाशावरची रेघ तेवढी सरकवायची होती.

इंजिनिअरला निरोप द्यायला स्टेशनवर पेढे होते. गावांना प्रशासनाच्या नोटिसा आल्या. ग्रामपंचायत बरखास्त का करू नये, खुलासा करा. डिसेंबर संपायच्या आत बहुतेकांनी ठराव मागे घेतले. व्हिसा नामंजूर.

गंमत पुढे आहे. या गोष्टीला चार-पाच महिने होतात न होतात तोच महाराष्ट्र सरकारने सीमेपलीकडच्या 865 मराठी गावांना आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देऊ केला आणि 54 कोटी रुपये त्यासाठी काढले. आता खवळायची पाळी बंगळुरूची. एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या माणसांचा दवाखान्याचा खर्च करायचा म्हणजे घुसखोरीच की! आतल्या गावाने रस्ता मागितला तर नोटीस, बाहेरच्या गावाला न मागता विमा. आपल्याकडे लाभार्थी व्हायचं असेल तर माणसाने शक्यतो हद्दीच्या पलीकडे राहावं.

आता ही योजना कुठून निघाली ते सोलापूरकरांनीच विसरावं म्हणजे कमाल आहे. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत सोलापूर होतं. पुण्याला मिळाली ती नंतर, 2013 च्या नोव्हेंबरात सबंध राज्याला मिळाली तेव्हा. म्हणजे ज्या पुण्याला जाऊन आपली पोरं 'डेव्हलप' होतात, त्या पुण्याच्या आधी सव्वा वर्ष आपल्या पिवळ्या-केशरी कार्डवाल्याच्या हृदयाचं ऑपरेशन सरकारी खर्चाने होत होतं. कॉलनीला पत्ता नव्हता. कॉलनीचं कार्ड पांढरं. पुढे 1 जुलै 2024 पासून पांढरं कार्डही बसवलं आणि दीड लाखाचे पाच लाख केले. तेव्हा कॉलनीने पहिल्यांदा कपाटातून रेशन कार्ड काढलं. अनेकांच्या कार्डावर आजोबा अजून कुटुंबप्रमुख होते.

शाळेचं बोलू. इंग्लंडात सरकारी शाळा व्हिसा कुठला हे बघून पोराला नाकारत नाही. अमेरिकेत तर सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगून ठेवलंय की पोराजवळ कागद नसले तरी शाळेचं दार बंद करता येणार नाही. दोन्हीकडे बघतात ते घराचा पत्ता. चांगल्या शाळेच्या जवळ राहणाऱ्याला ती शाळा. त्यामुळे त्या शाळेभोवतालची घरं महाग आणि भाडी चढी. फुकटच्या शाळेची फी घरमालक घेतो.

आपल्याकडे खासगी शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांना हेच सूत्र, घर एक किलोमीटरच्या आत असेल त्याला आधी. त्यावर काही हुशार पालकांनी भाडेकरार करून घेतले, काहींनी ऑनलाइन नकाशावरची घराची टाचणी शाळेच्या गेटापर्यंत ढकलत नेली. सरकार त्यांच्याहून हुशार. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने या जागा देण्याची गरजच नाही. मुंबई हायकोर्टाने जुलैत तो नियम रद्द केला. तेवढ्या पाच महिन्यांत मात्र आपल्या शासनाला, आपली सरकारी शाळा खासगीइतकीच चांगली आहे असं वाटत होतं. इतिहासात नोंद व्हावी.

आणि का वाटू नये? जगातला सर्वोत्तम शिक्षक म्हणून 3 डिसेंबर 2020 ला लंडनमध्ये ज्यांचं नाव पुकारलं, ते रणजितसिंह डिसले कुठले? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. ज्या जिल्ह्याच्या सरकारी शाळेत असा मास्तर निघतो, त्या जिल्ह्याने काय करावं? 2022 च्या जानेवारीत हेच डिसले गुरुजी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायला निघाले, तेव्हा त्यांच्या रजेचा अर्ज जिल्हा परिषदेत अडला. शाळेसाठी तुम्ही काय केलंत, अशी विचारणा झाली. शेवटी शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. अमेरिकेचा व्हिसा सोपा, झेडपीची रजा अवघड.

परदेशी गेलेल्या सोलापूरकरांची यादी करायची तर पहिलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. जन्म इथला, 1910 चा. 1938 ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी होणाऱ्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चीनने त्यांना डोक्यावर घेतलं. आज परदेशी जाणारा प्रत्येक जण, तिथे गेल्यावर आपल्याला दवाखाना कोणता लागू होईल हे आधी बघतो. कोटणीसांनी आपण कुठल्या दवाखान्याला लागू होऊ ते बघितलं. ही वाक्यं मी आमच्या गणेशोत्सवात भाषणात टाकली होती. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एकाने कानात विचारलं, "तुमचा भाचा जर्मनीत आहे ना? तिकडं इन्शुरन्सचं कसं असतं हो?"

तर भाचा. श्टुटगार्टला असतो. दोन मुलं. जर्मन सरकार प्रत्येक मुलामागे दरमहा बालभत्ता देतं. 2024 ला तो 250 युरो होता, 2025 ला 255 झाला. आईबापांचा पगार कितीही असो. आरोग्यविम्याचा हप्ता पगाराच्या सतराएक टक्के, त्यातला अर्धा मालक भरतो, आणि बायको कमावत नसेल तर बायको-पोरं त्याच हप्त्यात. बिस्मार्कने 1883 साली घालून दिलेली रीत. भाच्याला यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

पण याच भाच्याने ऑगस्ट 2024 मध्ये, लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले त्या आठवड्यात, आमच्या फॅमिली ग्रुपवर सात परिच्छेदांचा निबंध टाकला. करदात्यांचा पैसा, फुकटची चटक, देश दिवाळखोरीत जाणार वगैरे. लाडकीला महिन्याला दीड हजार. तिच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, दारात चारचाकी नको. भाच्याच्या खात्यात त्या महिन्यात दोन मुलांचे 500 युरो आले होते, तेव्हाच्या भावाने पंचेचाळीस हजारांच्या वर. एका भाच्यात तीस बहिणी बसतात.

मी तसं लिहिलं. उत्तर आलं, "मामा, ते वेगळं आहे. ती इथली सिस्टीम आहे." आमच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, अंगठा दाखवला. तो वर होता की खाली, चष्म्याशिवाय मला दिसलं नाही.

त्याच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये करारही केला. आपण त्यांना कुशल मनुष्यबळ पुरवायचं, सुरुवातीला दहा हजार. नर्स, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर. सरकारी खर्चाने जर्मन शिकवायचं ठरलं. उत्तम. आता जर्मनीत सरकारी विद्यापीठाला फी नसते हे आपल्याकडच्या प्रत्येक कोचिंग क्लासच्या फलकावर असतं. सोळापैकी ज्या राज्याने 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो लावले, ते हेच. म्हणजे हाताने काम करणारा हवा, त्याचं स्वागत. शिकायचं असेल तर तिकीट काढून या. सोयरीक जमवताना आपण नेमकं घर निवडतो.

विमानाचंही तसंच. सोलापुरातून विमान उडावं म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली. मग दोन वर्षांनी, 2025 च्या जूनमध्ये, नियमित विमान उडालं ते गोव्याला. परदेशाच्या वाटेवर तेवढी तरी मजल झाली. परत येणाऱ्याला नळाला पाणी काही दिवसांआडच मिळतं, तो भाग सोडा. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपण होतो, आणि पाणी हा काही स्मार्टपणाचा निकष नसावा.

तिकडे बाहेरचे ठरल्याचं दुःख असलं तरी इकडे बाहेरचे असण्याचे फायदे आहेत, हेही सांगायला हवं. खासगी मेडिकल कॉलेजांत पंधरा टक्के जागा एनआरआय कोट्याच्या. नीटचं मेरिट ज्यांना झेपत नाही त्यांना अचानक अमेरिकेतला नातेवाईक आठवतो. ज्याने आजीच्या तेराव्याला फोन उचलला नव्हता, तो पुरस्कर्ता. पंजाबने 2024 ला या कोट्यात मामा-मावशी-काका-आत्या सगळे घुसवले. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने त्याला सरळ फसवणूक म्हटलं. आमच्या ओळखीतल्या एकाने बातमी वाचून मनापासून खंत केली. निकालाची नव्हे. आपला मामा बार्शीलाच राहिला याची.

राहिले आईवडील. या सगळ्या हिशेबात ते कुठेच बसत नाहीत.

आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर चौऱ्याहत्तरचे, काकू एकाहत्तरच्या. मुलगा मँचेस्टरला, चांगला आहे, आईबापांना घेऊन जायची मनापासून इच्छा आहे. त्याने नियम काढले. ब्रिटनने 2012 पासून अशी अट घातलीय की म्हाताऱ्या आईला रोजच्या आंघोळीला, कपड्यांनाही दुसऱ्याचा आधार लागला पाहिजे, आणि तशी काळजी घेणारं माणूस तिच्या देशात पैसे मोजूनही मिळता कामा नये. म्हणजे काकू अंथरुणाला खिळायला हव्यात आणि सोलापुरात कामाला बाई मिळायला नको. बाई मिळते. अर्ज बाद. काकूंची तब्येत चांगली आहे याचं त्या घरात पहिल्यांदा कुणाला वाईट वाटलं.

धाकटी मुलगी ऑस्ट्रेलियात. तिकडे वृद्ध पालकांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. सर एकशे चारचे होतील तेव्हा नंबर लागेल. लवकर हवा तर माणशी जवळजवळ पन्नास हजार डॉलर मोजायचे. कॅनडाचा सुपर व्हिसा पाच वर्षं राहू देतो, पण निदान एक लाख डॉलरचा खासगी आरोग्यविमा काढून या म्हणतो, सरकारी दवाखान्याकडे बघायचं नाही. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअरमध्ये पैसे भरून शिरायलासुद्धा आधी पाच वर्षं सलग राहावं लागतं. थोडक्यात सगळ्या प्रगत देशांना आपला पस्तिशीतला मुलगा हवा आहे, नातू तर फारच हवा आहे. आजोबा तेवढे सामानात धरत नाहीत.

सरांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आपलं इथलं बघू." इथलं म्हणजे आयुष्मान वय वंदना. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतचे उपचार. 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. ना व्हिसा, ना अधिभार, फक्त आधार कार्ड. सर आणि काकू सकाळी दहाला चौकातल्या केंद्रावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी आरोग्याच्या रांगेत. पुढे विडी कामगार बायका होत्या, त्यांनी काकूंना बसायला जागा दिली आणि कुठला कागद आधी काढायचा ते समजावलं. या रांगांचा त्यांना तीस-तीस वर्षांचा अनुभव.

सरांचा नंबर आला. अंगठा लावला. उमटेना. छत्तीस वर्षं खडू धरून त्यावरच्या रेषा गेल्या होत्या. पुसून लावला, तेल लावून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. केंद्रातला पोरगा म्हणाला, "राहू द्या काका, ओटीपीवर करू. आधारला लिंक असलेला मोबाइल आणलाय का?"

आधार काढलं तेव्हा घरात मोबाइल मुलाकडेच होता. नंबर त्याचा दिला होता. तो नंबर आता मँचेस्टरला.

सरांनी फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच. पोरगा धडपडून उठला. "बाबा? काय झालं? आईला काय झालं?"

"काही नाही रे. आई मजेत आहे. तू तो ओटीपी सांग."

"कसला ओटीपी?"

"दवाखान्याच्या कार्डाचा. आत्ता आला असेल बघ."

"कुठल्या दवाखान्याच्या? तुम्ही कुठं आहात? ॲडमिट आहात का?"

हे समजावण्यात वेळ गेला. ओटीपी मेला. दुसरा मागवला तर सर्व्हर बसला. रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या, "काय हो मास्तर, लंडनला नंतर बोला की."

केंद्रातल्या पोराने सरांचं आधार कार्ड परत केलं. "उद्या या काका. आणि तुमच्या पोराला सांगा, जरा लवकर उठत जा म्हणावं."